फोनवरून घातलेली आंघोळ

हूफडॉर्पमध्ये धुकं पाहुण्यासारखं येत नाही, पोटभाडेकरूसारखं येतं. ऑक्टोबर उतरणीला लागला की एके सकाळी आपण पडदा सरकवतो आणि समोरच्या घरांची अख्खी रांग, तिच्यातल्या कुंड्या, सायकली, खिडकीत बसणारं ते माजोरडं मांजर, सगळं गायब झालेलं असतं. मग पुढे कितीतरी दिवस ते हलायचं नाव घेत नाही. विमानतळ इतका जवळ की विमानं डोक्यावरून जातात, पण दिसत नाहीत; नुसती ऐकू येतात, वरच्या मजल्यावर कुणीतरी कपाट सरकवावं तशी. आमच्या मराठी मंडळाला नाटकात धूर सोडायचा तर यंत्र भाड्याने आणावं लागतं, वर हॉलवाला आगीच्या घंटेची भीती घालतो. आणि इथे निसर्ग एवढा धूर फुकट सोडतोय म्हटल्यावर माझ्यासारखी बाई सायकलीवरून साधी भाजी आणायलासुद्धा एन्ट्री घेतल्यासारखी जाते. नवरा म्हणतो, तू धुक्यातून येतेस तेव्हा टाळ्या वाजवाव्यात की काय तेच कळत नाही. मी म्हणते, विचारतोस काय, वाजव.

यंदाही ते आलंय. सकाळी कालव्याच्या कडेने जाताना पुलापाशी मला कापराचा वास आला. तिथे कापूर कुठून येणार? बदकं आहेत, ओली पानं आहेत, बेकरीचं मागचं दार आहे. पण दरवर्षी पहिल्या धुक्यात एकदा तरी तो वास येतो, आणि मी सायकल थांबवून एक पाय टेकवून उभी राहते. मागून येणारे डच लोक घंटा वाजवतात, पुटपुटतात, वळसा घालून जातात. त्यांचंही बरोबर आहे. रस्त्याच्या मधोमध आठवणी काढत उभं राहायची या देशात पद्धत नाही.

पश्चिम आफ्रिकेत इबोलाची मोठी साथ आली होती, त्या वर्षीचा तो शरद. मी नवऱ्याच्या व्हिसावर या देशात आले, काही वर्षं घरात बसून डच क्रियापदांशी भांडले आणि शेवटी विमानतळाजवळच्या एका मालवाहतुकीच्या कचेरीत चिकटले. आम्ही मदतसंस्थांचा माल पाठवायचो. एरवी तंबू, ब्लँकेटं, पाण्याच्या टाक्या. त्या वर्षी मात्र क्लोरीनची पिंपं, रबरी हातमोजे, गमबूट, डोक्यापासून पायापर्यंत झाकणारे पांढरे पोशाख, आणि माणसं ठेवायच्या पिशव्या. त्यांना आम्ही कचेरीत नुसतं 'पिशव्या' म्हणायचो. सुरुवातीला त्या काळ्या जायच्या. मग तिकडून निरोप आला की पांढऱ्या पाठवा, काळ्या पिशवीत लोक आपलं माणूस द्यायला तयार होत नाहीत. त्यांच्याकडे शेवटचं वस्त्र पांढरं असतं. आपल्याकडेही असतंच की. पण संगणकावर मालाच्या नोंदीत वजन दिसतं, आकारमान दिसतं; रंगाला तिथे रकाना नव्हता.

एकदा नमुन्याचा पोशाख कचेरीत आला आणि तो घालून बघायचा मान अर्थातच मी पटकावला. झिप लावली, टोपी ओढली, चष्मा चढवला. दोन मिनिटांत काचांवर वाफ धरली आणि मला समोरचं टेबल दिसेना. मी हात पसरून भुतासारखी चालले, सगळे हसले. तेव्हा कागदपत्रांच्या टेबलावरून फातमाता उठली, जाडा मार्कर घेऊन आली आणि माझ्या छातीवर मोठ्या अक्षरात माझं नाव लिहिलं: मेधा. तिकडे असंच लिहितात, ती म्हणाली. आत कोण आहे ते लोकांना कळावं म्हणून. हे कपडे घातलेली माणसं पहिल्यांदा गावात आली तेव्हा मुलं रानात पळून गेली होती.

फातमाता सिएरा लिओनची. माकेनी नावाच्या गावाजवळ तिचं खेडं. हूफडॉर्पमध्ये आमच्यापासून सायकलीने पाच-सात मिनिटांवर ती लेकीला घेऊन राहायची. नवऱ्याशी तिचं केव्हाच फाटलं होतं. तिचं हसणं असं होतं की खालच्या मजल्यावरचा गोदामवाला वर फोन करून विचारायचा, काय झालं, मलाही सांगा. आमची दोस्ती शेंगदाण्यावरून झाली. तिच्या बाळंतपणाला तिची आई आली होती, एक अख्खा हिवाळा राहिली. सगळे तिला मामा म्हणायचे. मी एका चतुर्थीला दाण्याची आमटी घेऊन गेले, म्हटलं, तुमच्याकडेही शेंगदाण्याचं कालवण करतात असं ऐकलंय. मामाने चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, बराच वेळ विचार केला. मग लेकीला काहीतरी म्हणाली. फातमाता भाषांतर करायला तयार होईना. शेवटी कळलं ते असं: बाई चांगली आहे, पण हिला मासा कुठे घालायचा ते कुणी शिकवलेलं नाही.

मामा परत निघाली तेव्हा विमानतळावर बॅग जास्त भरली. ती उघडून वजन कमी करण्याचा जो खेळ तिथे होतो तो सगळ्या जगाचा एकच असावा. फक्त आपण लोणची काढतो आणि त्यांनी कपडे काढले. एक निळा झगा, त्यावर पिवळी पानं, आणि त्याच कापडाची डोक्याला बांधायची पट्टी. पुढच्या वेळी येईन तेव्हा घालीन, मामा म्हणाली.

साथ सुरू झाली तेव्हा फातमाता तिच्या देशात शेवटची जाऊन आली त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. तरीही कचेरीतली काही माणसं ती कॉफीच्या यंत्रापाशी असली की अचानक काम आठवल्यासारखी वळायची. आमच्या मंडळातही एका बाईंनी मला बाजूला घेऊन, आवाज उतरवून विचारलं की तुझं टेबल तिच्यापासून किती लांब आहे. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून तितक्याच हळू सांगितलं की आम्ही एकाच डब्यातून जेवतो. त्या वर्षी त्यांनी माझ्या चकल्या घेतल्या नाहीत. बऱ्या झाल्या होत्या चकल्या, नुकसान त्यांचं.

दुपारच्या सुट्टीत फातमाता भावाला फोन लावायची. अबू मोटरसायकलवरून प्रवासी नेणारा, गावात दबदबा असलेला, आईवर जीव असलेला. ती त्याला रोज तेच सांगायची. आजाऱ्याला हात लावू नका. गेलेल्याला तर मुळीच नाही. या रोगाचा दुष्टपणा तोच होता: माणूस गेल्यावर त्याचं अंग सगळ्यांत घातक व्हायचं, नेमकं ज्या वेळी आपले लोक त्याला जवळ घेतात, धुतात, तेल लावतात, कपडे नेसवतात त्या वेळी. एकाला प्रेमाने आंघोळ घातली की चार जण झोपायचे. मृतांना पुरायला शिकवलेली पथकं फिरत होती, पण ती यायला उशीर व्हायचा आणि घरची माणसं वाट बघायची नाहीत. कशी बघतील? अबू फोनवर चिडायचा. तो म्हणायचा, तुला लांबून बोलायला सोपं आहे. उद्या आईला काही झालं तर तिला न धुता मातीत टाकू? मग कोण धुणार तिला, तू?

मग मामाच आजारी पडली. उपचार केंद्र लांब होतं, गाडी उद्या येते, परवा येते असं चाललं होतं. मामाची धाकटी बहीण, इसातू मावशी, एकटी तिच्या खोलीत जात होती. हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून. बाकी कुणाला तिने उंबरा ओलांडू दिला नाही.

तो दिवाळीचा शनिवार होता. संध्याकाळी मंडळाचं नाटक होतं आणि त्यात मी नायिकेची सासू, म्हणजे खरं तर नायिकाच. माझ्या स्वतःच्या सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. एसटीच्या आगारात आरक्षणाच्या खिडकीवर आयुष्य गेलेलं, त्यामुळे घरातही सगळे रांगेत उभे आहेत असं धरूनच त्या बोलायच्या. त्या अनारसे तळत होत्या आणि मी आरशासमोर पदर खोचायचा सराव करत होते, तेवढ्यात फोन आला. फातमाताचा आवाज इतका सपाट होता की मी आधी ओळखलाच नाही. मामा पहाटे गेली. घरातच. पथकाला कळवलंय, पण त्यांना आधी दोन गावं आहेत आणि रस्ता खराब आहे. घरातल्या बायकांनी पाणी तापत ठेवलंय. अबू म्हणतोय, संध्याकाळपर्यंत आईला अशी पडून राहू देणार नाही. ये, ती म्हणाली.

मी आईंना सांगितलं, म्हणजे सासूबाईंना. मनात तयारी केली होती की आता सण, सुतक, परका धर्म, संध्याकाळचं नाटक, सगळं निघणार. त्यांनी गॅस बंद केला, अनारशांवर ताट उपडं घातलं आणि म्हणाल्या, "मयताला सण नसतो. माझा कोट कुठाय?"

मग आम्ही दोघी त्या धुक्यातून चालत निघालो. त्यांना सायकल येत नाही, त्यामुळे मी सायकल हातात धरून त्यांच्या शेजारून. वाटेत मी मंडळाला फोन करून सांगितलं की मी येणार नाही. दिग्दर्शकाला आधी माझी चेष्टाच वाटली. मग त्याने विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, मावशी. त्याच्याशी आफ्रिकेचा नकाशा काढत बसायला वेळ नव्हता, आणि नातं तेवढंच बसत होतं.

फातमाताच्या घरी लेक शेजारी खेळायला पाठवलेली. फोन टेबलावर स्पीकरवर ठेवलेला, आणि त्यातून एक अख्खं अंगण ऐकू येत होतं. कोंबड्या, बायकांचं रडणं, कुणीतरी भांडं आपटलेलं. मध्ये अबूचा आवाज, जवळून. आणि लांबून, खणखणीत, एक बाई ओरडून बोलत होती. ती इसातू मावशी, फातमाता म्हणाली. दारात स्टूल टाकून बसली आहे. अबू म्हणतोय, बाजूला हो. ती होत नाही.

त्यांची तेम्ने भाषा मला कळत नव्हती, पण भांडण कळत होतं. भावाचा आवाज चढत गेला. मग त्याने तेच जुनं विचारलं. फातमाताने ते मला नंतर सांगितलं, पण तेव्हाही तिच्या चेहऱ्यावरून मी ओळखलं. कोण धुणार तिला, तू?

फातमाता म्हणाली, हो. मी.

ती आत गेली, कपाटातून निळा झगा आणि पट्टी घेऊन आली आणि फोनवर वाकून म्हणाली, आईच्या अंगावरचा झगा माझ्या घरात आहे. तुमच्यापैकी कुणाला तिला शिवता येत नाही. मला येतं. इथे रोग नाही. मी इथे धुते, तुम्ही तिथून सांगा.

उत्तर आलं ते मावशीचं, लांबून, ओरडून. तिने आधी विचारलं की तिथे किती बायका आहेत. फातमाता म्हणाली, तीन. बाकीच्या दोघी कोण? शेजारणी. मुसलमान आहेत? नाहीत. हात स्वच्छ आहेत? हो. मग पुरे, मावशी म्हणाली. टेबल मोकळं करा.

जेवणाचं टेबल आम्ही मोकळं केलं, त्यावर प्लास्टिक अंथरलं, त्यावर झगा पसरला. हात दोन्ही बाजूंना, पट्टी डोक्याच्या जागी. नुसतं कापड, पण तसं पसरल्यावर त्याच्याकडे पाठ करून उभं राहणं जमेना. मावशीने पहिलीच गोष्ट विचारली: तिला झाकलंय का? रिकाम्या झग्याला काय झाकायचं? फातमाताने निमूट स्वच्छ चादर आणली आणि झग्यावर घातली. मग चादरीखाली हात घालून धुवायला लागलो, तिच्या उघड्या अंगावर कुणाची नजर पडू नये म्हणून. मला वाटतं, त्या चादरीपाशी अबू मानला. फातमाताने सांगितलं, झाकलंय, आणि पलीकडून त्याचा मोठा उसासा ऐकू आला.

आधी उजवा हात. मग डावा. पाणी कोमट आहे का? कोमट. फार नको ओतू, ती थंडीला भिते. अगं, मनगटापाशी नीट, तिथे तिला चुलीचा डाग आहे. फातमाता प्रत्येक वाक्याचं मला भाषांतर करून सांगायची, मी ते आईंना मराठीत सांगायची आणि आम्ही ते करायचो. मनगटाचा डाग झग्यावर कुठला असणार? पण मी बाहीच्या टोकाला अंगठ्याने हळूच चोळलं, आणि मावशीला सांग म्हटलं, डाग सापडला.

सासूबाईंनी वाटीने पाणी घातलं आणि सवयीने तोंडातून गेलं, "हर गंगे." बायकांचं रडणं थबकलं. मावशीने खडसावून विचारलं, ते काय होतं? फातमाता म्हणाली, इथे एक म्हाताऱ्या बाई आहेत, पाणी घालताना त्यांच्या नदीचं नाव घेतात. मग मावशीचा निवाडा आला, जो माझ्या मते कुठल्याही धर्मपीठाने द्यावा असा होता: घेऊ दे. पण पाणी उजवीकडून.

सासूबाईंना भाषांतर सांगितलं तर त्या फणकाऱ्याने म्हणाल्या, "उजवीकडूनच घालतेय. मी काय आज पहिल्यांदा बाई धुतेय? सांग तिला." ते सांगितल्यावर पलीकडे कुणीतरी चक्क फिस्सकन हसलं. त्यानंतर त्या दोन म्हाताऱ्या एकमेकींशी थेट बोलायला लागल्या, एक तेम्नेत, एक मराठीत, आणि मधे फातमाताला कुणी विचारेना. केस सोडवा, म्हणे. सासूबाईंनी पट्टीची घडी उलगडली आणि पाण्यात बोटं बुडवून विंचरल्यासारखी फिरवली.

मी नाटकातली बाई. एखादा प्रसंग चाललाय की ताणला जातोय ते मला पाठीतून कळतं. काही वेळाने मला जाणवलं की हा ताणला जातोय. एकदा झालं, आता पुन्हा, म्हणे. विषम वेळा व्हायला हवं. दुसऱ्यांदा झालं की काहीतरी राहिलं, पहिल्यापासून. नखं राहिली. कानामागे राहिलं. मला वाटलं फातमाता वेळ काढतेय, कारण मधेच फोन झाकून ती माझ्या कानात पुटपुटली होती की पथकाची गाडी अजून आलेली नाही. तिकडच्या अंगणातलं पाणी चुलीवर तसंच होतं.

मग मावशीने कापूर मागितला. शेवटच्या पाण्यात कापूर हवा. फातमाताने कपाळावर हात मारला, तिच्याकडे कुठला कापूर? सासूबाई म्हणाल्या, माझ्या डबीत भीमसेनी आहे, घरी, देवापाशी. मी कोट चढवला. दारात फातमाताने माझा हात धरला आणि म्हणाली, "सावकाश ये, मेधा."

आयुष्यात त्या एका दिवशी मी सायकल मुद्दाम हळू चालवली. धुकं इतकं दाट होतं की हँडलवरचे माझेच हात मला परक्यासारखे दिसत होते. पुलापाशी थांबले. घरी गेले, देवापुढची डबी घेतली, अनारशांवरचं ताट उगाचच नीट केलं. परत येताना कापूर मुठीत धरला होता, आणि तो वास माझ्या मुठीतून, कोटाच्या बाहीतून, सगळ्या कालव्याभर पसरला असं मला वाटलं. प्रत्येक पॅडल मारताना मी मनात म्हणत होते: कुणी उठू नका. बसून राहा. अजून प्रसंग संपलेला नाही.

कापूर चुरून पाण्यात टाकला आणि सासूबाईंनी शेवटची वाटी हातात घेतली तेव्हा फोनमधून इंजिनाचा आवाज आला. मग दारं उघडल्याचे आवाज. बायका एकदम ओरडायला लागल्या. मावशीने त्यांना एका शब्दात गप्प केलं. नंतर कुणीतरी अनोळखी माणूस बोलू लागला. फातमाता कानात प्राण आणून ऐकत होती. तो सांगत होता की मी अमुक, माझ्याबरोबर हे चौघे, आम्ही आता तुमच्यासमोर पोशाख घालतो, आमचे चेहरे बघून ठेवा. पिशवी पांढरी आहे. कबर तुम्ही खणा, नमाज तुम्ही पढा, फक्त अंतर ठेवा.

आणि मग अबू बोलला. त्याची वाक्यं फातमाताने आम्हाला भाषांतर करून सांगितली ती खूप नंतर, टेबल पुसताना. तो त्या माणसांना म्हणाला होता, "तिची आंघोळ झाली आहे. आमच्यातलं कुणी तिला शिवलेलं नाही. आता तुम्ही सांभाळून शिवा."

मावशी लांबून म्हणाली, पुरे. आम्ही थांबलो. झग्यातून पाणी निथळत होतं. वाळत कुठे घालायचा? बाहेर सूर्याचा पत्ता नव्हता. मग आम्ही तिघींनी तो हातांवर धरला, एकीने खांद्यांपाशी, एकीने कमरेपाशी, एकीने पायांपाशी, आणि फोनमधून नमाजाचे सूर ऐकू येईपर्यंत तशाच उभ्या राहिलो. ओलं कापड फार जड होतं. नाटक तिकडे सुरू झालं असेल. मला त्यातलं एकही वाक्य आठवत नव्हतं.

मंडळात नंतर कळलंच. चकल्या न घेणाऱ्या बाईंनी सहा महिने माझ्याशी हळदीकुंकूसुद्धा लांबून केलं. यावर मी पुढे एक छोटा प्रवेश लिहिला, तो गाजला, त्या स्वतः पहिल्या रांगेत बसून हसल्या. माणसं अशीच असतात, भीती गेली की बरी असतात. सासूबाई पुण्यात आहेत, गुडघ्यांनी दगा दिलाय, जिभेने नाही. फातमाता हल्ली आर्नहेमला असते. तिच्या लेकीला शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली हा दोन खंडांवर घडलेला अन्याय आहे.

पण त्या शरदाचं शेवटचं पान तिथे गळलं नाही. गावात त्या घराभोवती दोरी बांधली, तीन आठवडे कुणी आत-बाहेर करायचं नाही. तांदूळ, तेल दोरीपाशी ठेवून जात. आम्ही रोज विचारायचो. अबूला ताप नाही. त्याच्या मुलांना नाही. पाणी तापवणाऱ्या त्या बायकांपैकी कुणालाही नाही. फातमाता कचेरीत पुन्हा हसायला लागली, गोदामवाल्याचा फोन आला.

आणि मग इसातू मावशीला ताप आला.

तेव्हा अबूने फोनवर सांगितलं की त्या दिवशी मावशीने त्याचा फोन एकदाही हातात घेतला नव्हता. तिनेच त्याला तो अंगणाच्या मधल्या दगडावर ठेवायला लावला होता आणि स्वतः दारात, लांब बसली होती. आम्हाला वाटलं होतं, बाईला ओरडायची सवय आहे. आपण बहिणीला शिवलोय आणि त्यातून काय येऊ शकतं हे तिला ठाऊक होतं, आणि बाकीच्यांना शिवू द्यायचं नव्हतं. एरवी बाईला धुवायला एवढा वेळ लागत नाही, अबू म्हणाला. नखं, कानामागे, पुन्हा पहिल्यापासून, असं आमच्याकडे कुणी करत नाही. म्हणजे वेळ फातमाता काढत नव्हती, मीही सायकलीवर काढत नव्हते. सगळा प्रयोग दारात बसलेल्या त्या बाईने एकटीने ओढून नेला होता.

गाडी आली तेव्हा ती स्वतःच्या पायांनी चढली. केंद्रातून परत आली नाही. तिथल्याच लोकांनी तिला पांढऱ्या पिशवीत ठेवलं, अबूला कुंपणापलीकडे उभं राहू दिलं. ही बातमी त्याने दिली तेव्हा मी फातमाताच्याच घरी होते, बाहेर धुकंच होतं. बातमी सांगून झाल्यावर त्याने विचारलं, तुमच्याकडे तिचं काय आहे?

फातमाता उठली, कपाटापर्यंत गेली आणि तशीच परत आली. मावशी कधी इथे आलीच नव्हती. रुमाल नाही, चप्पल नाही, फोटोसुद्धा धड नाही. काही नाही रे, ती म्हणाली.

मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर जमलं नसतं. मी टेबलापाशी सरकले आणि सुरू केलं, मावशीच्या आवाजात, तिच्या भाषेत. एकेका शब्दाचा अर्थ मला आजही सांगता येणार नाही, पण सगळी दुपार माझ्या कानात जशीच्या तशी होती: लांबून मारलेली ती हाक, वाक्याच्या शेवटी टाळ्याला लावलेली जीभ, मधलं खोकणं. तिला झाकलंय का. उजवा हात. आता डावा. पाणी कोमट आहे का, ती थंडीला भिते. मनगटापाशी नीट. घेऊ दे तिला नदीचं नाव. नखं राहिली, पहिल्यापासून. कापूर. एकदा वाटलं, हे फार होतंय, मेलेल्या बाईची नक्कल करतेस, लाज वाटू दे. पण फातमाताने डोळे मिटून घेतले होते आणि टेबलावर तिची बोटं पाण्यात असल्यासारखी हलत होती. मी शेवटच्या शब्दापर्यंत गेले. पुरे, म्हणाले, आणि थांबले.

पलीकडे अबू हसला. घरातलं मोठं माणूस ओरडत असताना पोरं तोंड दाबून हसतात तसा. मग ते हसणं मधेच तुटलं.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

मी पुन्हा उजव्या हातापासून सुरुवात केली.